बातमी विणणारी बाई

वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. भित्तिपट विणायला महिनेच्या महिने लागतात. तरीही हाना रिगेनने आयुष्यभर ताज्या बातम्याच विणल्या.

१८९४ साली स्वीडनमधल्या माल्मोत जन्मलेल्या हानाचं शिक्षण चित्रकलेचं. १९२२ मध्ये ड्रेस्डेनला नॉर्वेचा चित्रकार हान्स रिगेन भेटला, पुढच्या वर्षी लग्न झालं. १९२४ पासून नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमजवळच्या ओर्लांडमध्ये दोघांनी छोटी शेती केली. घरात ना वीज, ना नळ. माग हान्सने बनवून दिला. लोकर कातणं-रंगवणं घरचंच. साली, पानं, दगडफूल यांतून रंग निघत. निळीच्या पिंपासाठी मूत्र साठवलं जाई. विकत आणायचं फारसं काही नव्हतं, त्यामुळे कुणाची मर्जी राखायचीही गरज नव्हती. तिच्या निर्भीडपणाचं मूळ मला या स्वावलंबनातच दिसतं.

अशा भित्तिपटात, म्हणजे टॅपेस्ट्रीत, बाणा (आडवा धागा) पन्हाभर धावत नाही. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची तिल्ली आपल्या जागेपुरतीच फिरते, तसंच इथे. युरोपातल्या मोठ्या कारखान्यांत चित्रकार पूर्ण आकाराचं चित्र काढून देई आणि विणकर ते उतरवून घेई. हाना मात्र असं चित्र समोर ठेवत नसे. रचना थेट मागावरच आकार घेई.

मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला त्याच वर्षी, १९३५ मध्ये, तिने ‘इथिओपिया’ विणला. त्यात भाल्याच्या टोकावर मुसोलिनीचं मुंडकं आहे. १९३७ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात नॉर्वेच्या दालनात हा पट लागला, पण मुंडक्याचा भाग झाकून. त्याच प्रदर्शनात स्पेनच्या दालनात पिकासोचं ‘गेर्निका’ होतं.

पुढे जर्मनांनी नॉर्वे व्यापला. ६ ऑक्टोबर १९४२ रोजी ट्रॉन्डहाइम भागात दहा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत नाट्यदिग्दर्शक हेन्री ग्लेडिच होता. ती तारीखच पटाचं नाव झाली. त्यात हवेत तरंगणारा हिटलर ग्लेडिचवर गोळी झाडतो. हिटलरच्या पार्श्वभागातून ओकची पानं बाहेर पडतात. बुरुजात चर्चिल आहे, तर उसळत्या समुद्रात एका होडीत रिगेन कुटुंब. शोक आणि टवाळी एकाच विणीत. १९४४ मध्ये हान्सला ग्रिनीच्या छळछावणीत डांबलं, तेव्हा तिने ‘ग्रिनी’ विणायला घेतला. सत्तरी ओलांडल्यावर, १९६६ मध्ये, व्हिएतनाम युद्धावर ‘गवतातलं रक्त’ आला.

१९५८ चा ‘आपण एका ताऱ्यावर राहतो’ हा पट ऑस्लोच्या सरकारी इमारतीत होता. २२ जुलै २०११ च्या बॉम्बस्फोटात त्यालाही इजा झाली.

१९६४ मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात तिचं काम गेलं. १९७० मध्ये ती वारली. जगाने तिच्याकडे पुन्हा वळून पाहिलं ते मुख्यतः २०१२ च्या, जर्मनीतल्या डॉक्युमेंटा कलाप्रदर्शनानंतर. इतका उशीर होण्यात तिच्या कलेचा दोष नाही. लोकरीला ‘हस्तकला’ आणि तैलरंगाला ‘कला’ म्हणणाऱ्या समीक्षेचा तो दोष आहे, आणि आपल्याकडची समीक्षाही त्यातून अजून सुटलेली नाही.