हाड बसवताना हलगर्जीपणा कशाला म्हणायचे?

प्लास्टर काढल्यावर हात थोडा वाकडा दिसला, की नातेवाईक डॉक्टरांना दोष देतात. पण योग्य उपचार होऊनही हाड कधी उशिरा जुळते, कधी सांधा आखडतो. तो हलगर्जीपणा नव्हे. मग हलगर्जीपणा कोणता?

मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. तीन दिवसांनी त्याला पुण्यास आणले. मांडीचे हाड मोडले की आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकते. त्यात ओढाताण झाली तर रुग्ण शॉकमध्ये जातो. तरीही पूर्ण भूल न देता, जास्त जोर लावून हाड ओढून बसवले गेले. त्याच रात्री तरुण दगावला. डॉक्टर असलेले वडील न्यायालयात गेले. जोशी विरुद्ध गोडबोले या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचा दोष कायम केला. रुग्ण हाती घ्यावा का, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्हींत वाजवी काळजी हवी, असे न्यायालयाने सांगितले. बरे करण्याची हमी कायदा मागत नाही.

वाचकहो, प्लास्टरनंतर बोटे निळी, गार वा बधिर पडली, ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा. एक्स-रे, केसपेपर जपून ठेवा. कागदांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हव्यात. तक्रार असल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पण आधी डॉक्टरांना शांतपणे विचारा.