कालवा आटला, वाट उरली

दळणवळणाचे एखादे साधन कालबाह्य झाले म्हणजे त्याची जागाही निरुपयोगी ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील थेम्स-सेव्हर्न कालव्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

दोन नद्यांना जोडणारा हा ४६ किलोमीटर लांबीचा कालवा १७८९ मध्ये पूर्ण झाला. स्ट्राउडपासून फ्रोम नदीच्या खोऱ्यातून तो २८ जलपाशांनी सुमारे ७३ मीटर चढतो. जलपाश म्हणजे दोन दरवाजांमधील कोठा; त्यात पाणी भरून नौका वरच्या पातळीवर नेतात. पुढे सॅपर्टनचा साडेतीन किलोमीटरचा बोगदा लागतो. त्यात घोड्यांसाठी वाट नसल्याने नावाडी आडवे निजून भिंतींना पाय रेटीत नौका पुढे सरकवीत.

ऱ्हासाची कारणे

माथ्यावरील चुनखडकातून पाणी सतत पाझरे. त्यातच १८४५ मध्ये याच खोऱ्यातून लोहमार्ग गेला व मालवाहतूक तिकडे वळली. १९०१ मध्ये परगणा परिषदेने कालवा ताब्यात घेऊन दुरुस्त केला; तरी वाहतूक परतली नाही. १९२७ व १९३३ अशा दोन टप्प्यांत तो बंद करण्यात आला.

पायी फिरणाऱ्यांचा मार्ग

नौका ओढणाऱ्या घोड्यांची काठावरची वाट मात्र टिकली. आज स्ट्राउड ते बोगद्याच्या मुखापर्यंतचे सुमारे १२ किलोमीटर अंतर लहानमोठे गट रमतगमत एका दिवसात चालतात. एका बाजूस काही ठिकाणी झुडपांनी भरलेले कोरडे पात्र, तर दुसऱ्या बाजूस फ्रोमचा वाहता प्रवाह. या प्रवाहावर पूर्वी चालणाऱ्या लोकरी कापडाच्या गिरण्यांच्या दगडी इमारती वाटेत भेटतात. चॅलफर्ड येथे कालव्याच्या राखणदारासाठी बांधलेले गोल घर आहे. शाळकरी मुलांना जलशास्त्र, उद्योग व भूगोल यांचा एकत्रित पाठ येथे चालता चालता मिळू शकतो.

वाट राहिल्याने कालव्याची रेषाही शाबूत राहिली. १९७२ पासून स्वयंसेवक पुनरुज्जीवनासाठी झटत आहेत. याउलट, स्ट्राउडच्या पश्चिमेकडील जोडकालवा १९५४ मध्ये अधिकृतपणे बंद झाल्यावर त्याचा काही भाग महामार्गाखाली गेला. ‘हरवलेला मैल’ म्हणून ओळखला जाणारा तो भाग पुन्हा जोडणे अतिशय खर्चिक ठरले आहे.

आपल्या गावांतही जुने पाट, चाऱ्या व बंद कालवे आहेत. त्यांची हद्द अभिलेखात नोंदवून काठाची वाट मोकळी ठेवणे ग्रामपंचायतीस अवघड नाही. एकदा अतिक्रमणाखाली गेलेली जागा परत मिळविणे मात्र फार कठीण असते.