पट्टा काचतो तेव्हा

एकवीस किलोमीटर पळून आल्यावर अंगावर पाणी घेतले, की नेमकी जागा कळते. छातीखाली, स्पोर्ट्स ब्राचा पट्टा बसतो तिथे, आग होते. पळण्याच्या भरात ते जाणवलेलेही नसते. अनेक जणी हे दुखणे संकोचाने कुणाला सांगतच नाहीत.

कारण साधे आहे. ओल्या त्वचेवर कापड जास्त घासते आणि घाम वाळला की मागे उरलेले मीठ पॉलिश पेपरसारखे काम करते. मुंबईत तर जानेवारीतल्या मॅरेथॉनलाही अंग ओलेच राहते.

घट्ट पट्टा काचतो, हे ठाऊक असते. सैल पट्टा वरखाली सरकून तितकाच सोलतो, हे लक्षात येत नाही. पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत. सुती कापड घाम धरून ठेवते, ते लांब पळण्याला नको. आतले लेबल उसवून काढावे, निघण्यापूर्वी पट्ट्याच्या जागी पेट्रोलियम जेली लावावी. नवी ब्रा शर्यतीच्याच दिवशी पहिल्यांदा घालू नये.

सोललेच, तर कोमट पाण्याने धुऊन, न चोळता टिपून, पुन्हा जेली लावावी. पावडर, स्पिरिट नको. औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम तर मुळीच नको. घडीत खाज असेल, कडेने लाल चट्टा वाढत असेल, तर तो बहुधा नायटा असतो. या मलमाने तो चार दिवस दबतो आणि मग पसरतो. पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असेल, तर तेवढीही वाट पाहू नये.