जुनी ऑटोमॅटिक अडखळते तेव्हा
गिअर ‘डी’मध्ये टाकला तरी गाडी दोन-तीन सेकंद ढिम्म, मग धक्का देऊन निघते, किंवा चढावर इंजिन नुसतंच ओरडतं, वेग वाढत नाही. अशा वेळी काही मेकॅनिक थेट गिअरबॉक्स उतरवायची भाषा करतात. आधी गिअरबॉक्सचं तेल बघायला सांगा. (हे टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांबद्दल, एएमटीचं दुखणं वेगळं.) डिपस्टिक असेल तर सपाट जागी, गाडी गरम झाल्यावर, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून पातळी बघतात, होंडात मात्र बंद करून. पातळी कमी म्हणजे कुठेतरी गळती आहे. मग थेंब पांढऱ्या कागदावर टिपा. लालसर, पारदर्शक असेल तर ठीक. काळपट आणि करपट वासाचं असेल तर आतल्या क्लचप्लेट जळत असाव्यात. दुधट गुलाबी दिसलं तर बहुधा रेडिएटरमधला कूलंट आत शिरलाय. गाडी चालवूच नका, टो करून न्या.

तेल चांगलं असेल तर स्कॅनर लावायला सांगा. ‘पी०७००’ हा कोड फक्त बिघाड नोंदलाय एवढंच कळवतो, खरा कोड त्याच्यामागे असतो. तो सोलेनॉइडचा निघाला, तर पुष्कळ गाड्यांत तेलाचं पॅन काढून काम भागतं.