आधी लढंत बघा, मग नाव घाला

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. मुलगी आठवीत गेली, शिकवणीहून परतायला अंधार पडतो. धाकट्या बहिणीला रात्रपाळी लागली. मुलगा नोकरीसाठी परगावी एकटा राहणार. स्वसंरक्षणासाठी काय शिकावं? कराटे, तायक्वांदो, ज्यूदो की क्राव मागा? या विषयाच्या नादापायी मी वर्षानुवर्षं क्लास, तालमी आणि शिबिरं बघत हिंडले आहे आणि माझं उत्तर आता पक्कं झालं आहे. कलेचं नाव मागाहून विचारा. तिथे समोरचा माणूस मनापासून विरोध करतो का, हे आधी बघा.

पार्श्वभूमी थोडक्यात आटोपते. ओकिनावा बेटांवरचं कराटे गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत नेलं. तायक्वांदो दुसऱ्या महायुद्धानंतर कोरियात आकाराला आलं. क्राव मागाची सुरुवात इमी लिख्टेनफेल्ड यांनी १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात केली आणि पुढे ते इस्रायली सैन्यात रुजलं. आपल्याकडे कुस्तीच्या तालमी आहेत, कोल्हापूरचे मर्दानी खेळ आहेत आणि १९१४ पासून चालत आलेलं अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ तिथे करून दाखवले. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. मला मात्र बोलायचं आहे ते ज्यूदोबद्दल, कारण मी मांडते आहे तो मुद्दा जगात सर्वांत स्वच्छपणे ज्यूदोच्या जन्मकथेत दिसतो.

ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म १८६० चा. अंगाने लहानखुरे आणि शाळेत दांडगटांचा त्रास सोसलेले. टोकियोत विद्यापीठात असताना १८७७ मध्ये ते फुकुदा हाचिनोसुके या गुरूंकडे जुजुत्सू ही जुनी जपानी कला शिकू लागले. एकदा गुरूंनी त्यांना पाडलं तेव्हा त्यांनी विचारलं, हात कुठे ठेवायचा, पाय कसा टाकायचा? गुरूंनी काही न सांगता त्यांना पुन्हा पाडलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा पाडणं. हा प्रसंग कानोंनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. ते पुढे विलक्षण शिस्तीचे शिक्षक झाले, शिकवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत त्यांनी बसवली. पण अंगाने अंगाला दिलेलं ते उत्तर त्यांनी कधी सोडलं नाही.

१८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात अवघ्या बारा तातामी चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान ही आपली ज्यूदोची शाळा सुरू केली. जुन्या जुजुत्सूत डोळ्यांत बोटं घालणं, सांधे निखळवणं, मर्मस्थानी आघात करणं असे भयानक प्रकार होते. ते जोडीदारावर पूर्ण ताकदीने करता येत नाहीत, कारण जोडीदार दुसऱ्या दिवशी सरावाला यायला हवा. कानोंनी ते आखीव सरावात, म्हणजे कातामध्ये, जपले. उरलेले डाव, म्हणजे पाडणं, दाबून धरणं, गळा आवळणं, कोपराला पेच देणं, त्यांनी मोकळ्या लढतीसाठी ठेवले. या मोकळ्या लढतीला रांदोरी म्हणतात. तिथे पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. मी तुला पाडायला बघते, तू मला पाडायला बघतेस, आणि हार मानायची तर हाताने दोनदा थोपटायचं.

सर्वांत घातक डाव बाजूला ठेवल्यामुळे ही कला दुबळी न होता बळकट झाली. जो डाव रोज दहा वेगवेगळ्या माणसांवर, त्यांचा विरोध मोडून करायला मिळतो, तो घाबरलेल्या क्षणीही अंगातून आपसूक निघतो. जो डाव कायम हवेत किंवा निमूट उभ्या राहणाऱ्या जोडीदारावर केला, तो कितीही जीवघेणा असला तरी वेळेला सापडत नाही. म्हणून एखादे सर ‘आमची तंत्रं इतकी घातक आहेत की सरावात वापरताच येत नाहीत’ असं अभिमानाने सांगू लागले की मी तिथून उठते. जे कधी वापरलंच नाही, ते चालतं हे त्यांना कसं कळलं?

कानोंच्या या विचाराचा पुरावा पुढे फार लांब मिळाला. कोदोकानात घडलेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले आणि त्या घराण्यातून ब्राझिलियन जिउ-जित्सू उभं राहिलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला निरनिराळ्या कलांचे लढवय्ये एकमेकांसमोर आले, तेव्हा त्याच घराण्यातल्या हॉइस ग्रेसीने, फारसा धिप्पाड नसताना, एका रात्रीत तीन लढती जिंकल्या. त्या रात्रीनंतर जगभर क्लासची निवड करण्याची दृष्टीच बदलली.

पण त्यासाठी आपल्याला डेन्व्हरला जायची गरज नाही. कोल्हापूरच्या तालमीत पहाटे जा. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, लिंबू, हळद मुरलेली असते आणि तिचा वास अंगाला चिकटतो. जोर-बैठका झाल्या की लढंत सुरू होते. मी गेले त्या तालमीत वस्ताद कट्ट्यावर बसून होते, फारसं बोलत नव्हते. एका पोराने जोडीदाराचा पट काढला, दुसऱ्याने वेळेत पाय मागे घेऊन त्याला खाली दाबलं, आणि वस्तादांनी फक्त ‘परत’ म्हटलं. तेवढ्यात मला कानोंच्या गुरूंची आठवण झाली. कुस्तीतला धोबीपछाड आणि ज्यूदोतला सेओइ नागे हे पाठीवर घेऊन पाडायचे डाव शेजारी ठेवून पाहा, दोन्हीतला जीव एकच आहे. आज अनेक ठिकाणी मुलींसाठी कुस्तीची केंद्रं निघाली आहेत आणि स्वसंरक्षणाचा विषय निघाल्यावर पालकांना ती आठवतही नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मिठी मारून धरणाऱ्या माणसाची पकड सोडवायला कुस्तीइतकं उत्तम शिक्षण क्वचितच मिळेल.

ज्यूदोच्या क्लासमध्ये पहिले काही आठवडे फक्त पडायला शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीकडे, श्वास बाहेर, आणि पाठ टेकण्याच्या क्षणी पसरलेल्या हाताने गादीवर जोरात थाप. पालक कंटाळतात, पैसे भरले आणि पोरगं नुसतं पडतंय. मी त्यांना सांगते, आयुष्यभर उपयोगी पडणारं शिक्षण हेच आहे. हल्ला वाट्याला येईल न येईल. ओल्या फरशीवर पाय घसरणं, दुचाकीवरून पडणं मात्र बहुतेकांच्या वाट्याला येतं. कॉलेजात ज्यूदो शिकलेली माझी एक मैत्रीण साठीत जिन्यावरून घसरली आणि डोकं सांभाळून उठून बसली. पडण्याची भीती गेलेला माणूस धक्काबुक्कीत गोठून जात नाही, हा तर आणखी मोठा फायदा.

स्त्रियांचा ज्यूदो हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा भाग. कानोंच्या त्या पहिल्या गुरूंची नात केइको फुकुदा १९३५ मध्ये कोदोकानच्या स्त्री विभागात दाखल झाली. उंची पाच फुटांच्या आत. स्त्रियांना पाचव्या दानच्या, म्हणजे काळ्या पट्ट्यातल्या पाचव्या श्रेणीच्या, वर जाऊ देत नसत, म्हणून ती दशकानुदशकं तिथेच अडकून राहिली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत शिकवत राहिली, नववा दान मिळवला आणि २०१३ मध्ये ९९ व्या वर्षी वारली. अमेरिकेतल्या रस्टी कानोकोगीने १९५९ मध्ये पुरुष असल्याचं भासवून स्पर्धेत उतरून लढत जिंकली, पण ती बाई आहे हे कळल्यावर तिचं पदक काढून घेतलं. तिनेच १९८० मध्ये न्यूयॉर्कला स्त्रियांची पहिली जागतिक ज्यूदो स्पर्धा भरवली, आणि १९९२ मध्ये बार्सिलोनात स्त्रियांचा ज्यूदो ऑलिंपिकमध्ये पदकांचा खेळ झाला. आपल्या देशाचाही यात वाटा आहे. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शिंझो ताकागाकी १९२९ मध्ये शांतिनिकेतनात आले आणि तिथे मुलीसुद्धा त्यांच्याकडून शिकल्या. जवळपास शंभर वर्षांपूर्वी जे रवींद्रनाथांना सुचलं, ते आजही अनेक शाळांना एका दिवसाच्या शिबिरापलीकडे सुचत नाही.

प्रत्येक खेळाचे नियम कुठे ना कुठे खिंडार ठेवतात, हेही सांगायला हवं. स्पर्धेच्या ज्यूदोत आधी २०१० मध्ये आणि मग २०१३ मध्ये पाय धरण्यावर बंदी आली, त्यामुळे केवळ पदकांसाठी शिकवणाऱ्या क्लासमध्ये पट काढणाऱ्याला कसं अडवायचं हे राहून जातं. क्योकुशिन कराटेत आघात खरे बसतात, पण चेहऱ्यावर ठोसा मारायला परवानगी नाही. तायक्वांदोत डोक्यावर लाथ चालते, ठोसा नाही. बॉक्सिंगमध्ये पकडापकडी नाही. चांगले सर स्वतःच्या कलेतलं खिंडार स्वतः दाखवतात आणि ते बुजवण्यासाठी अधूनमधून दुसऱ्या कलेच्या माणसाला बोलावतात.

चाकूबद्दल विशेष सावध राहा. कोदोकानने १९५६ मध्ये स्वसंरक्षणासाठी एकवीस डावांचा आखीव क्रम तयार केला, त्यात चाकू, काठी, पिस्तूल सगळं आहे आणि पाहायला तो फार देखणा आहे. पण आखीव तो आखीव. कुठल्याही क्लासमध्ये एक साधी परीक्षा घेता येते. जोडीदाराच्या हातात स्केचपेन द्या, स्वतः पांढरा टी-शर्ट घाला आणि त्याला मनाला येईल तसा वार करू द्या. अर्ध्या मिनिटात टी-शर्टवर रेघोट्या उमटतात, अनुभवी माणसाच्याही. ज्या क्लासमध्ये हा प्रयोग करतात तिथे पुढचं वाक्य असतं, पर्स द्या आणि पळा. जिथे चाकू हिसकावण्याचीच प्रात्यक्षिकं चालतात, तिथे तुमच्या लेकराला खोटा धीर मिळतो, आणि तो धीर जिवावर बेतू शकतो.

हल्लेखोर अनोळखीच असतो, या समजुतीवर बहुतेक शिबिरं उभी असतात. आपल्याकडच्या नोंदींत मात्र बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा निघतो. म्हणून आवाज, नकार आणि वेळेत बाहेर पडणं यांचाही सराव हवा. कॅनडात चार्लीन सेन यांच्या गटाने तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींवर अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा तासांच्या प्रशिक्षणात धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला ठाम विरोध करण्यातला संकोच मोडणं आणि अंगाने प्रतिकार करणं शिकवलं होतं. पुढच्या वर्षभरात बलात्काराचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के, तर नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत ९.८ टक्के दिसलं. बारा तासांत एवढा फरक पडतो, माझ्या मते त्या तासांत तोंडातून ‘नाही’ मोठ्याने काढायची सवय लावल्यामुळेही. तुम्ही बघाल त्या क्लासमध्ये मुली ओरडतात का, की नुसत्या रांगेत मुठी चालवतात?

कायद्याचं दोन ओळींत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ आत्मसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायची मुभा आहे. धोका टळल्यावर बदला घ्यायची नाही. चांगले सर हेही सांगतात, आणि सुटल्यावर आधी ११२ ला फोन करायला लावतात.

आता प्रत्यक्ष निवड. क्लासला न कळवता जा आणि पूर्ण तासभर बसा. तासातला बराच वेळ जोडीने, विरोधासह सराव होतो का? नवख्याला लगेच दांडग्यासमोर उभं करतात का? हार मानल्याची थाप पडताच जोडीदार त्याच क्षणी सोडतो का? गाद्यांमध्ये फटी आहेत का? मुली वेगवेगळ्या वजनाच्या जोडीदारांबरोबर, मुलांबरोबरही लढतात का? अगदी लहान मुलांना गळा आवळायला शिकवत असतील तर तिथून निघा. सर अंगाला हात लावण्याआधी सांगतात का, आणि पालकांना बसू देतात का? पालकांना दार बंद असलेल्या क्लासमध्ये मूल पाठवू नये, हे माझं ठाम मत आहे.

पट्ट्यांना भुलू नका. पट्ट्यांची पद्धत कानोंच्याच ज्यूदोतून सगळीकडे पसरली, पण आज कुणीही संघटना काढून काळा पट्टा देऊ शकतो. एका गृहसंकुलातल्या क्लासमध्ये दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला नवा पट्टा आणि नवी फी, असं मी पाहिलं. मुलांचे काता सुंदर होते, पण एकालाही दुसऱ्याने मनगट घट्ट धरल्यावर काय करावं ते सुचत नव्हतं. याउलट महापालिकेच्या शाळेतल्या, भिंतींचे पोपडे निघालेल्या एका हॉलमध्ये चाळीस किलोची मुलगी आपल्याहून जड मुलाखालून धडपडत, घामाघूम होत निसटताना पाहिली. सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, जोडी बदलायला सांगितली. मी माझ्या भाचीचं नाव तिथे घातलं.

शेवटी, घरापासून जवळ असलेला बरा क्लास लांबच्या नामांकित क्लासपेक्षा चांगला, कारण या विद्येला वर्षं लागतात. तेव्हा येत्या रविवारी मुलीला बरोबर घ्या आणि जवळपासचे दोन-तीन क्लास बघून या. जिथे पाडणारा मनापासून पाडतो, पडणारा हसत उठतो आणि सर दोघांनाही सांभाळतात, तिथे कलेचं नाव काहीही असो, बिनधास्त नाव घाला.