ट्रॅक्टर चिखलात फसला तर

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावे लागते. त्यासाठी ट्रॅक्टरला डिफरन्शियल असते. पण आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या वावरात पाऊस झाला, की त्यामुळेच एक चाक जागीच गरगरते, दुसरे हलत नाही.

अशा वेळी क्लच दाबा, चाक थांबू द्या. मग सीटजवळचे डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. दोन्ही चाके बरोबर फिरतील. क्लच झटक्याने सोडला तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर उलटतो, जिवावर बेतते.

बाहेर निघताच पेडल सोडा. लॉक लागलेला असताना वळू नका. ट्रॅक्टर सरळच ओढतो, दातेही तुटतात. डांबरी रस्त्यावर तर लॉक लावूच नका.