आकडे घटले, बळ तेवढेच?

एक योद्धा एका घावात शत्रूचे २०० बळ घटवतो. शत्रूजवळ बळ आहे १,०००. म्हणजे तो पाच घावांत पडेल. आता दोन्ही आकड्यांना २० ने भागू. १० आणि ५०. घाव पुन्हा पाचच! मग असे आकडे लहान करणे अगदी सोपे असले पाहिजे. प्रत्यक्षात ते तसे नाही.

अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा संगणकावरील खेळ आणला. इंटरनेटवरून असंख्य लोक तो एकत्र खेळतात. आरंभी खेळाडूला ६० पातळ्या चढता येत. दर दोनेक वर्षांनी नवा भाग येई आणि २०१२ मध्ये पातळ्या ९० झाल्या. नवे शस्त्र जुन्यापेक्षा सरस वाटायला हवे. १०० मध्ये १० ची भर जाणवते, १०,००० मध्ये ती जाणवत नाही. म्हणून वाढ ठरावीक आकड्याने नव्हे, तर पटीने करावी लागते. हे आपल्या परिचयाचे चक्रवाढ व्याजच झाले. दर टप्प्याला दीडपट वाढ धरली, तर १० टप्प्यांनंतर आकडा सुमारे ५८ पट होतो आणि २० टप्प्यांनंतर ३,३२५ पट! खेळाडूंचे बळ असेच हजारांतून लाखांत गेले.

संगणकालाही मर्यादा असते. ३२ द्विमान अंकांपैकी एक धन-ऋण चिन्हासाठी राखला, तर उरलेल्या ३१ अंकांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ असते. २०१३ पर्यंत बलाढ्य शत्रूंचे बळ या मर्यादेजवळ पोहोचले होते. अखेर ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने सर्व आकडे आवळले.

सगळ्यांना एकाच संख्येने का भागले नाही? पहिल्या पातळीवरचा घाव ५ चा असेल, तर २० ने भागल्यावर उरतो पाव. पूर्णांकात त्याचे शून्य होईल! म्हणून अलीकडच्या टप्प्यांचे आकडे पुष्कळ आणि आरंभीचे थोडेच घटवावे लागतात. आलेखाची चढण सपाट होते. पण त्यामुळे समान पातळीवरचे गुणोत्तर टिकले, तरी दूरच्या पातळ्यांमधले बदलते. पूर्वी सहज लोळवता येणारे जुने शत्रू आता अधिक काळ तग धरू लागतात. हे टाळण्यासाठी जुन्या शत्रूंविरुद्ध खेळाडूंना वेगळे जादा बळ द्यावे लागले.

पुढे वाढ पटीनेच चालू राहिल्यामुळे २०१८ मध्ये आकडे पुन्हा आवळावे लागले. २०२० मध्ये तर पातळ्याच १२० वरून ५० वर आणल्या.

वर्गात हे करून पाहता येईल. १०० पासून दीडपटीने वाढणाऱ्या दहा पातळ्यांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. मग शेवटचा आकडा १,००० च्या आत आणायला सांगा. अटी दोन, पहिला आकडा १०० च राहिला पाहिजे आणि शेजारच्या पातळ्यांचे गुणोत्तर शक्य तितके टिकले पाहिजे. सगळीच गुणोत्तरे टिकवता येत नाहीत, त्यांतून निवड करावी लागते, हे त्यांना आपोआप उमगेल.